जीपवरचा हवेचा पंप : आधी हिशेब, मग पाना



एस. टी. ची बस थांब्यावर उभी राहताना 'फुस्स' असा आवाज होतो, तो तुम्ही ऐकलाच असेल. ब्रेकसाठी वापरलेली दाबाखालची हवा बाहेर पडते, तिचा तो आवाज. ही हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर बसच्या इंजिनावरच चालतो. मग असाच कॉम्प्रेसर जीपच्या इंजिनावर बसवून टायरांत हवा का भरू नये? ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतील आडवाटेने गाडी नेणारी हौशी मंडळी हे कित्येक वर्षे करीत आली आहेत. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानेही हा उद्योग केला आणि हात भाजून घेतला. त्या निमित्ताने माझे मत मांडतो : असे यंत्र जरूर जोडावे, पण हातात पाना घेण्याआधी पेन्सिल घ्यावी.

मुळात गाडीवर हवेचा पंप हवा कशाला? समजा, जीपचे वजन १६०० किलो आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ४०० किलो भार आला. टायरात ३० पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब. भाराला दाबाने भागा. चाक जमिनीला सुमारे १९० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते, असे उत्तर येईल. आता हवा १५ पौंडांवर आणली, तर ही जागा जवळजवळ दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्मा होतो. उंटाचा पसरट तळवा वाळूत रुतत नाही, त्यातलेच हे तत्त्व. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वापरलेल्या 'डक' या जमिनीवर व पाण्यात चालणाऱ्या गाडीत तर चालकाला बसल्या जागेवरून टायरातील हवा कमी-जास्त करण्याची सोय होती.

वाळू संपून डांबरी रस्ता लागला की मात्र ही हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो. ज्याने हवा सोडली, त्याच्याजवळ ती भरण्याचे साधन हवेच.

आता किती हवा भरायची ते पाहू. जीपच्या टायरात साधारण ५० लिटर जागा धरू. १५ पौंड म्हणजे जवळजवळ एक वातावरण दाब. म्हणून बॉइलच्या नियमाप्रमाणे १५ वरून ३० पौंडांवर जाण्यासाठी बाहेरची सुमारे ५० लिटर हवा आत कोंबावी लागेल. चार टायरांना २०० लिटर. एका दट्ट्याला पाव लिटर हवा देणारा हातपंप असेल, तर ८०० दट्टे! मिनिटाला २५ लिटर हवा देणारा विजेचा छोटा पंप बॅटरीला जोडला, तर कागदावर आठ मिनिटे. प्रत्यक्षात दाब वाढेल तसा तो मंदावतो आणि तापला की विश्रांती मागतो. इंजिनावरच्या कॉम्प्रेसरची एका फेऱ्यातली क्षमता १६० घन सेंटिमीटर आणि मिनिटाला १५०० फेरे धरले, तर २४० लिटर होतात. गळती आणि सिलिंडरात उरणारी हवा लक्षात घेऊन त्यातले ६० टक्केच मोजू. तरी मिनिटाला १४४ लिटर! चारही टायर दीड मिनिटात भरतील. नळी एका चाकावरून काढून दुसऱ्याला लावायलाच जास्त वेळ लागेल.

या हिशेबाचा दुसराही अर्थ ध्यानात घ्या. वर्षातून एकदोनदाच वाळूत जाणाऱ्याला विजेचा छोटा पंप पुरेसा आहे. मोठी चाके असतील, पाचसात गाड्या बरोबर असतील किंवा नेहमीच आडरानात काम असेल, तर मात्र इंजिनावरचा पंप शोभतो. कधी कधी चांगला हिशेब 'हे यंत्र बनवू नकोस' असेही सांगतो, आणि ते ऐकण्यात कमीपणा नाही.

माझ्या विद्यार्थ्याने मोडीतल्या मोटारीचा वातानुकूलन कॉम्प्रेसर आणला, लोहाराकडून पट्टी करवून घेतली आणि इंजिनाच्या पट्ट्यावर तो चढवला. पहिले दोन टायर झकास भरले. तिसऱ्याच्या वेळी कॉम्प्रेसरपासून टाकीकडे जाणारा प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडून निसटला आणि त्याचे मनगट भाजले. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, हवा एवढी तापते हे तुम्ही कधी सांगितलेच नाही!"

खरे तर मी अठरा वर्षे तेच शिकवीत आहे. हवा झटकन दाबली, उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर तिचे तापमान वाढते. सायकलचा पंप बुडाशी गरम लागतो, तो यामुळेच. २७ अंशांची हवा अशा रीतीने १०० पौंडांपर्यंत दाबली, तर सूत्राप्रमाणे तिचे तापमान सुमारे २६५ अंश सेल्सिअस होते. काही उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून निघून जाते, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येतो. पण साध्या प्लॅस्टिकचा निकाल लावायला तोही पुरतो. तेथे धातूची नळीच हवी. हे सूत्र त्या मुलाने परीक्षेत बरोबर लिहिले होते. ते त्याच्या पाइपालाही लागू आहे, हे मात्र मी त्याला कधी दाखवले नव्हते. भाजला तो, चूक निम्मी माझी होती.

मग आम्ही दोघांनी वही काढून बाकीच्या यंत्राची तपासणी केली. वातानुकूलनाच्या बऱ्याच कॉम्प्रेसरांना वंगण मिळते ते शीतक वायूबरोबर फिरणाऱ्या तेलातून. नुसती हवा ओढताना ते मिळत नाही आणि यंत्र झिजून अडकते. म्हणून स्वतःची तेलाची कुंडी असलेला जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर निवडावा. मोटारीतला शीतक वायू हवेत सोडूही नये. जुन्या आर-१२ ने ओझोनच्या थराची हानी होते, तर नंतरच्या आर-१३४ए ची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. तो योग्य यंत्राने काढून घेणाऱ्या कारागिराकडेच जावे.

सर्वांत भयंकर निघाली ती टाकी. भंगारातली, आतून गंजलेली, आणि सुरक्षा झडप नाहीच! २० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. १०० पौंडांना, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाला, त्या झाकणावर दोन टनांहून अधिक जोर पडतो. अशी टाकी फुटली, तर मनगट भाजण्यावर निभावत नाही. म्हणून ट्रकच्या ब्रेकसाठी बनवलेली चांगली टाकी घ्यावी, ठरलेल्या दाबाला पंप बंद करणारा स्विच बसवावा आणि तो बिघडलाच तर हवा सोडून देणारी सुरक्षा झडप लावावी. तळाशी साचणारे पाणी वरचेवर काढावे. टाकीची चाचणी हवेने नव्हे, पाण्याने घेतात; का, ते शिक्षकांना विचारा. पाणी जवळजवळ दबत नाही, ही एवढी खूण पुरे.

काही शिक्षक म्हणतील, मुलांना असले उद्योग करूच देऊ नयेत. मला ते पटत नाही. बंदी घातली की मुले चोरून करतात, आणि चोरून करणाऱ्याला झडपेबद्दल कोण सांगणार? त्यापेक्षा एखादा ट्रक-मेकॅनिक वर्गात बोलवावा, कॉम्प्रेसर टेबलावर उघडून ठेवावा आणि बॉइलचा नियम त्याच्याशेजारी उभे राहून शिकवावा. मुलांनो, तुम्हीही वडीलधाऱ्यांना दाखवल्याशिवाय दाबाची टाकी कधीही जोडू नका.

त्या विद्यार्थ्याच्या जीपवर आज धातूची नळी, नवी टाकी आणि सुरक्षा झडप आहे. झडप मी स्वतः ओढून पाहिली. तेव्हाही आवाज आला तो 'फुस्स' असाच!