स्लीव्ह शस्त्रक्रिया : निर्णय केवळ वजनकाट्यावर नको

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘त्यापेक्षा जिभेवर ताबा ठेव’ हा पहिला आणि ‘करून टाक एकदाची, वर्षभरात बारीक होशील’ हा दुसरा. पहिल्या सल्ल्यात आजाराचे खापर रुग्णावरच फुटते. दुसऱ्यात शस्त्रक्रिया म्हणजे शिंप्याकडून सदरा आत घेण्याइतकी सोपी गोष्ट ठरते. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये दुर्बिणीद्वारे जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. त्यामुळे थोडक्यात पोट भरते. शिवाय भूक चेतवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात मुख्यत्वे तयार होते, तो भागच काढल्याने भूकही मंदावते. डाएटमध्ये नेमके उलटे घडते. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते, ऊर्जेची बचत करते आणि गेलेले वजन परत मिळवू पाहते. म्हणूनच तीव्र लठ्ठपणात केवळ मनोनिग्रह अपुरा पडतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरते. शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी होतो, हा तर मोठाच लाभ.

मात्र लाभाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या छायाचित्रावरून मांडू नये. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या ‘स्लीव्हपास’ अभ्यासात स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांची तुलना केली गेली. त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्लीव्हच्या रुग्णांत जादा वजनापैकी साधारण ४४ टक्के घट टिकून होती. म्हणजे योग्य वजनापेक्षा ५० किलो जास्त असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत सुमारे २२ किलो. आरोग्याच्या दृष्टीने ही घट मोलाची आहे, पण मनातल्या चित्राइतकी ती बहुधा नसते. त्याच अभ्यासात अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के, तर बायपासनंतर ७ टक्के रुग्णांत दिसला. ज्यांना आधीच छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे असे त्रास आहेत, त्यांनी शस्त्रक्रियेचा प्रकार निवडण्यापूर्वी हे नीट विचारून घेतलेच पाहिजे. कापलेले जठर पुन्हा जोडता येत नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. जठर लहान झाले तरी उसाचा रस, आइस्क्रीम, गोड चहा सहज आत जातात आणि वजन हळूहळू परत चढते. साबुदाण्याच्या उपवासाने प्रथिनांची गरज भागत नाही. शाकाहारी माणसाला डाळी, ताक, पनीर, मोडाची कडधान्ये यांचा रोज हिशेब ठेवावा लागतो. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या कायमच्या मागे लागतात. उलट्या थांबत नसतील तर थायमिनच्या कमतरतेने मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने लांबवावी लागते. लग्न जमावे म्हणून मुलीला या शस्त्रक्रियेकडे ढकलणाऱ्या घरांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. ही शस्त्रक्रिया आजारासाठी आहे, स्थळासाठी नव्हे.

पात्रतेचे निकषही समजून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या शिफारशींनुसार ३५ बीएमआयपासून शस्त्रक्रिया सुचवता येते. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेहासारखे आजार जडत असल्याने त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे विम्याचा निकष मात्र बीएमआय ४० किंवा गंभीर सहआजार असल्यास ३५ असा आहे. शिवाय शस्त्रक्रियेचा दावा मंजूर झाला तरी पुढची आहारतज्ज्ञांची भेट, गोळ्या आणि तपासण्या यांचा खर्च सहसा रुग्णाच्याच खिशातून जातो. ज्या पाठपुराव्यावर यश टिकते, त्यालाच पैसा नसावा हे विसंगत आहे. विमा कंपन्यांनी आणि रुग्णालयांनी तो उपचाराचाच भाग मानायला हवा.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शने आता भारतात मिळतात आणि अनेकांसाठी शस्त्रक्रियेआधीचा तो रास्त पर्याय आहे. पण ती थांबवली की बरेचसे वजन परत येते. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार असल्याने कोणताही उपचार एकदा केला आणि विसरला, असा नसतो.

म्हणून ‘किती किलो उतरतील?’ यापेक्षा वेगळे प्रश्न शल्यविशारदाला विचारावेत. तुमच्या किती रुग्णांची पाच वर्षांनंतरची माहिती तुमच्याकडे आहे? टाक्यांच्या रेषेतून गळती झाली तर रात्री-अपरात्री कोण धावून येणार? माझ्यासाठी बायपास किंवा औषधे का नकोत? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ पथकात आहेत का? उत्तरे मोघम मिळाली, तर दुसरीकडे सल्ला घ्यावा. लठ्ठपणा वर्षानुवर्षांत अंगावर चढलेला असतो. त्यावरच्या निर्णयाला दोन महिने जास्त लागले, तर बहुतेकांचे काही बिघडत नाही.