शहागडच्या पोरापोरींना हायवेची कड नको, हक्काचं मैदान द्या!



पहाटे पाचला गोदावरीच्या पुलाकडे या. धुळे–सोलापूर महामार्गाच्या कडेनं पोरं पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येतो, मागे धड दिवाही नसतो. समोरून ट्रक आला की पोरगं डांबर सोडून मुरमात उतरतं, घोटा सांभाळत चार पावलं टाकतं आणि पुन्हा वर चढतं. मोबाईलवर लावलेली वेळ तोवर पळतच असते. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण 50, त्यातले 20 एकट्या लांब धावेचे. एका गुणानं नोकरी हुकलेली पोरं आपल्या ओळखीत आहेत. त्या गुणासाठी आपलं लेकरू ट्रकच्या उजेडात पळतंय आणि आपण त्याला जिद्द म्हणतो. जिद्द त्याची आहेच. पण त्याला पळायला जागा देणं हे गावाचं काम आहे.

हे काम कायद्यानंच गावाकडे दिलंय. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेली ग्रामसूची काढून वाचा. दिवाबत्ती, गटारं, पाणी या कामांच्या बरोबरीनं आखाडे आणि खेळ-करमणुकीच्या जागा उभारणं आणि त्या राखणं हेही त्या सूचीत आहे. साठ वर्षांपेक्षा जुना हा कायदा आहे. त्यामुळे 'खेळबिळ ग्रामपंचायतीच्या कामात येत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला ती सूची दाखवा.

'आधी पाणी, आधी रस्ते, मग खेळ' असंही ऐकायला मिळतं. पाणी आधी, यात वादच नाही. पंधराव्या वित्त आयोगानं म्हणूनच 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. उरलेला 40 टक्के अबंधित ठेवला तो गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला. मैदानासाठी मागतोय ते पाण्याचे पैसे नाहीत. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातल्या कामांच्या यादीतही खेळाचं मैदान होतं. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकासाच्या योजना आहेत. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: जागा कुणाच्या नावावर आहे?

सगळं घोडं तिथेच अडतं. हायवेलगतच्या जागेला सोन्याचा भाव आहे, म्हणून मोकळा तुकडा दिसला की आधी गाळे सुचतात. गाळ्यांचं भाडं येतं हे खरं, पण एकदा गाळे उठले की ती जागा मुलांना पुन्हा मिळत नाही. गायरानं आणि गावाच्या सामाईक जागा अतिक्रमणातून सोडवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलं. ग्रामपंचायतीची जमिनीची नोंदवही आणि सातबारा समोर ठेवा आणि विचारा, 'क्रीडांगण' म्हणून नोंदलेली जागा किती? उत्तर तोंडी नको, कागदावर हवं.

जागा फार लागत नाही. 400 मीटरचा पूर्ण ट्रॅक करायचा तर चार-साडेचार एकर हवेत. पण 200 मीटरचा मातीचा ट्रॅक सव्वा एकरात बसतो. आठ फेऱ्या मारल्या की मुलांचे 1600 झाले, चार फेऱ्यांत मुलींचे 800. आतल्या जागेत 27 बाय 16 मीटरचं खो-खोचं मैदान मावतं, शेजारी 13 बाय 10 चं कबड्डीचंही. मुरूम टाकायचा, वर माती, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं. खुल्या व्यायामशाळेची लोखंडी यंत्रं मात्र आधी नकोत. गावोगावी ती फोटोपुरती बसतात. बेअरिंग गेलं, पायडल तुटलं की दुरुस्तीला कुणी येत नाही. खरेदीत रस असणारे खूप असतात, पाणी मारायला माणूस नसतो. म्हणून आम्ही देखभालीचा पैसा आधी मागतो.

मुलींचं तर याहून अवघड. पोरं निदान हायवेवर तरी पळतात. दहावी-अकरावीच्या पोरीला पहाटे अंधारात कोण पाठवणार? आई नाही म्हणते, आणि त्या आईला दोष देता येत नाही. कुंपण, चार दिवे, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळ एवढं झालं की तीच आई पोरीला घेऊन येईल, स्वतःही दोन फेऱ्या मारील. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. हा खर्च त्यात बसतो की नाही, हे महिलासभेत बायांनीच विचारावं.

पूल ओलांडला की बीड जिल्हा. तिथल्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, दोन्ही 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये. पण धावपटू म्हणून तो घडला लष्करात गेल्यावर. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, घडली पुण्यात. अंगात रग आपल्या मातीची आणि मैदान दुसरीकडचं, असं किती दिवस चालवायचं? ज्यांना लष्कर मिळालं नाही, पुणं परवडलं नाही, त्यांची तर नावंही कुणाला कळली नाहीत.

म्हणून येत्या ग्रामसभेला या. 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. घरटी एक माणूस आलं तरी सभा भरेल. ठराव असा मांडायचा: गावाच्या मालकीची किमान सव्वा एकर जागा मोजणी करून क्रीडांगणासाठी राखावी, तशी नोंद करावी, तिथे गाळे किंवा इतर बांधकाम करू नये; पुढच्या विकास आराखड्यात सपाटीकरण, कुंपण, दिवे आणि स्वच्छतागृह धरावं; अंदाजपत्रकात देखभालीचं वेगळं शीर्षक दरवर्षी ठेवावं; आणि देखरेखीच्या समितीत निम्म्या मुली-महिला असाव्यात.

ठराव इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत, तो वाचून दाखवला जाईपर्यंत कुणीही जागेवरून उठू नये.

आपले,
शहागडमधील खेळाडू आणि पालक