मुरुगनला वेड कशाने लागले?

२००४ चा तमिळ ‘कादल’ एस. नारायण यांनी २००७ मध्ये ‘चेलुविन चित्तार’ नावाने कन्नडमध्ये आणला. पुढे आपल्या ‘सैराट’चा कन्नड रिमेकही त्यांनीच केला.

मूळ ‘कादल’मध्ये मदुराईचा दलित मेकॅनिक मुरुगन वरचढ जातीच्या ऐश्वर्याशी चेन्नईला पळून जाऊन लग्न करतो. तिचे नातेवाईक दोघांना फसवून परत आणतात, त्याला बेदम मारतात. शेवटी तो वेडा होऊन रस्त्यावर फिरतो आणि तिचा नवरा मोठ्या मनाने त्याच्या उपचाराची सोय करतो. प्रेक्षक डोळे पुसत नवऱ्याला धन्य म्हणतात. मारणारे कुठे गेले, हे कोणी विचारत नाही!

म्हणजे दलित तरुणाच्या वाट्याला दया, जातीला माफी. याला शोकांतिका म्हणायचे की गुन्हा?

२०१६ मध्ये तमिळनाडूतच, उडुमलपेटला शंकरचा भररस्त्यात खून झाला. त्याची पत्नी कौसल्या रडत बसली नाही. ती जन्मदात्यांविरुद्ध कोर्टात उभी राहिली.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच आंतरजातीय विवाहाला जातिअंताचा खरा उपाय म्हटले. जात घाबरते ती यालाच. म्हणून पडद्यावरच्या मुरुगनसाठी रडून थांबू नका. आपल्या वस्तीत असे जोडपे आले, तर त्यांच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढा.

जय भीम!