"त्या घरी मी जाणार नाही"

गोष्ट २०२४ सालची. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी क्षेत्रकार्यासाठी ठाण्यातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी देत होतो. वर्गातील एका गुणी मुलीने एका नावावर बोट ठेवले आणि म्हणाली, "सर, या घरी मी जाणार नाही. गाझात लहान मुलांचं काय चाललंय ते तुम्ही बघता ना? ही त्यांचीच माणसं."

ते नाव एका बेने इस्रायली आजींचे होते. आडनावाच्या शेवटी 'कर', माहेर अलिबागकडचे, बोली तुमची-आमचीच. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हटले गेले, त्या समाजातल्या आजी. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक जण इस्रायलला गेले. या गेल्या नाहीत.

मुलीचा राग खोटा नव्हता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो पॅलेस्टिनी बायका-मुले प्राणास मुकली. ती दृश्ये पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याने आमच्या व्यवसायात येऊच नये. पण त्या दुःखातून ती ठाण्यातील एका म्हातारीच्या दारापाशी पोहोचली आणि तिथूनच माघारी वळली. ज्यूद्वेष म्हणतात तो इथेच सुरू होतो. तो नेहमी घोषणा देत येतो असे नाही. पुष्कळदा तो न्यायाची कळकळ घेऊनच येतो.

मी तिला अॅलिस सालोमनची हकीकत सांगितली. १८७२ साली बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात ही बाई जन्मली. स्त्री-पुरुषांच्या असमान वेतनावर प्रबंध लिहून १९०६ मध्ये तिने डॉक्टरेट मिळवली. १९०८ मध्ये बर्लिनमध्ये तिने समाजकार्याची शाळा काढली. पुढे १९२९ मध्ये जगातील अशा शाळांची जी संघटना झाली, तिची ती पहिली अध्यक्ष. तिने १९१४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु हिटलरशाहीला धर्माशी नव्हे, रक्ताशी कर्तव्य होते. १९३३ मध्ये तिची सारी पदे गेली आणि १९३७ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, तिला देश सोडावा लागला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले.

१० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी पेटली, ती विद्यार्थी संघटनेच्या पुढाकाराने. आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये सरकारी मदतीच्या व्यवस्थेतून ज्यूंना वगळणारा हुकूम निघाला. म्हणजे गरिबाच्या घरी जाऊन नोंदी करणाऱ्या खात्याच्या यादीतूनच काही घरे कायद्याने कमी झाली. विद्यापीठ आणि समाजकार्य ही शहाणपणाची आणि करुणेची घरे. तीसुद्धा सुरक्षित राहिली नाहीत.

हे फक्त जर्मनीत घडले, असे समजून निश्चिंत होऊ नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो उघडपणे मंजूर झाला नाही. मग 'चारित्र्य' पाहून प्रवेश देण्याची सोयीस्कर पद्धत आली. त्यानंतर शंभर वर्षांनी, ५ डिसेंबर २०२३ रोजी, तिथल्या तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना संसदेच्या समितीने विचारले, 'ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे तुमच्या नियमांत बसते का?' उत्तर मिळाले, ते संदर्भावर अवलंबून आहे. त्यांपैकी दोघींनी महिन्याभरात पद सोडले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युद्धाविरुद्ध बसलेल्या शंभराहून अधिक निदर्शकांना पोलिसांनी पकडले. तिथल्या निदर्शकांत ज्यू विद्यार्थीही होते. इस्रायल सरकारवर टीका करणे म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तसे म्हणणाऱ्यांनी त्या शब्दाची धारच बोथट केली आहे.

मग रेषा कुठे आखायची? माझी कसोटी साधी आहे. माणसाने काय केले, हे विचारा. तो कोणाच्या पोटी जन्मला, हे विचारू नका. सरकारचा जाब सरकारला विचारावा, आजींना नव्हे. आडनाव ऐकून ज्या देशात माणूस पारखला जातो, तिथे तरी ही कसोटी कुणी नव्याने समजावून सांगायला नको. आमच्याकडे ज्यूंचा छळ झाला नाही, हा अभिमान रास्तच आहे. परंतु आमच्याच पदपथांवर हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी विकले जाते आणि चांगली शिकलेली मुले त्याच्या 'शिस्ती'चे गोडवे गातात. त्या शिस्तीने साठ लाख ज्यूंचे बळी घेतले, हे त्यांना कुणी सांगायचे?

मी त्या मुलीवर सक्ती केली नाही. म्हटले, "तुझा राग सोडू नकोस. मोर्चाला जरूर जा. पण यादीतलं नाव खोडण्याआधी एकदा ते दार वाजव."

पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आली. युद्धाबद्दल चकार शब्द बोलली नाही. म्हणाली, "सर, आजींचा हयातीचा दाखला राहिलाय. पेन्शन थांबलीये. बँकेत त्यांच्याबरोबर कोणी जायचं?"

मी म्हटले, "तूच जा."