शब्दाचे भय

आमच्या धंतोलीत आज खाजगी रुग्णालयांची दाटी झाली आहे. त्यांच्या दारांशी उभे असलेले नातलग ज्या चिंतेने येथे सरकारी आरोग्य योजना लागू आहे काय, असे विचारतात, ती चिंता या वस्तीला परिचित आहे. ती योजना कोणत्या विचारसरणीतून निपजली, असे त्यांपैकी कोणी विचारीत नाही. परंतु त्याच वस्तीतील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात ‘समाजवाद’ हा शब्द उच्चारला की कपाळावर आठी उमटते. फळ गोड, पण झाडाचे नाव नको, अशी ही वृत्ती आहे.

या भयाचा इतिहास नागपूरला नवा नाही. जानेवारी १९५९ मध्ये येथेच भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. जमिनीवरील मालकी शेतकऱ्याचीच राहील आणि जमिनीच्या प्रमाणात त्याला वाटा मिळेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ती शेती यशस्वी झाली असती काय, याविषयी प्रामाणिक शंका घेण्यास भरपूर जागा होती. पण चर्चा त्या शंकांपुरती राहिली नाही. शेतकऱ्याची जमीन आता गेलीच, अशी हाकाटी झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने या ठरावाला कडवा विरोध केला आणि पुढे तो ठराव कागदावरच राहिला.

आता दुसरे उदाहरण पाहा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी राज्याने पत्करावी आणि तिच्यासाठी शहरातील पगारदाराने व्यवसाय कराच्या रूपाने आपला वाटा उचलावा, याहून अधिक समाजवादी कल्पना ती कोणती? परंतु तिला ते नाव दिले गेले नाही आणि म्हणून कोणी भ्यालेही नाही. संसदेने २००५ मध्ये याच तत्त्वावर देशासाठी कायदा केला.

अमेरिकेचा अनुभवही याहून निराळा नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली, तेव्हा तेथील वैद्यकीय संघटनेने तिच्यावर समाजवादाचा शिक्का मारून ती पाडली. पुढे १९६५ मध्ये वृद्धांपुरता विमा मंजूर झाला आणि पहिले कार्ड वृद्ध ट्रुमन यांच्याच हाती ठेवण्यात आले. आज त्या विम्याला हात लावण्याचे धाडस तेथील कोणताही पक्ष सहजासहजी करीत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर न्यूयॉर्कच्या मतदारांनी स्वतःला उघडपणे लोकशाही समाजवादी म्हणविणारे झोहरान ममदानी यांना महापौर निवडले. शिक्का आता पूर्वीसारखा उमटत नाही, हाच याचा अर्थ होय.

समाजवादाच्या नावाने रशियात शेतकऱ्यांवर जुलूम झाला, आपल्याकडे परवान्यांच्या राज्याने उद्योगाचा गळा आवळला, हे आम्ही विसरलेलो नाही. ज्यांनी ते सोसले त्यांची भीती खोटी नव्हे. पण त्या दोषांवर बोट ठेवणे निराळे आणि प्रत्येक लोककल्याणकारी सूचनेला त्याच काठीने हाकणे निराळे. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील ‘समाजवादी’ या शब्दाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. त्या वेळी या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे, खाजगी उद्योगास त्याची आडकाठी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही २०२५ मध्ये त्या शब्दाच्या पुनर्विचाराची मागणी पुन्हा झालीच.

शब्द राहावा की जावा, याहून मोठा प्रश्न आमच्या मते निराळा आहे. एखादी योजना पुढे आली की तिचा खर्च किती, तो कोण देणार, लाभ कोणाला, आणि व्यक्तीचे स्वातंत्र्य अबाधित राहते की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे असमाधानकारक असतील तर योजना खुशाल नाकारावी. पण उत्तर ऐकण्यापूर्वीच नाव ठेवून मोकळे होणे, हे विचारी नागरिकास शोभत नाही. रुग्णालयाच्या दाराशी उभा असलेला माणूस मदतीची वाट पाहत आहे. शब्दांना भिण्याची चैन त्याला परवडणारी नाही.