नाणेघाटातले दोन रांजण

मुलांनो,

तुमच्यापैकी बरेचजण शाळेच्या सहलीबरोबर नाणेघाटात जाऊन आला असाल. घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे, आठवतो? दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन येणारे व्यापारी याच वाटेने जुन्नरला चढत. त्यांच्याकडून घेतलेली जकात या रांजणात टाकत, असं सांगतात. जकात भरली, की वाट मोकळी!

दहावी-बारावीनंतर तुम्हालाही असाच एक घाट चढायचा आहे. फरक एवढाच, की तिथे रांजण दोन आहेत. एक पैशांचा आणि दुसरा कागदांचा. घरोघरी चर्चा होते ती पहिल्याची. "एवढे पैसे आणायचे कुठून?" पण पुष्कळ मुलं अडतात ती दुसऱ्यापाशी. आणि गंमत अशी, की कागदांचा रांजण वेळेवर भरला, तर पैशांचा रांजणही बराचसा भरतो. कसं ते पाहू या.

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याची एक मुलगी आहे. आदिवासी समाजातली. घरची थोडी भातशेती, हंगामात हिरडा गोळा करायचा. घोडेगावात राहून ती बारावी शास्त्र शिकली. सीईटीला चांगले गुण मिळाले. इंजिनियर व्हायचंय आणि त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. आपल्याच तालुक्यात अवसरी खुर्दला २००९ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सगळं कसं जुळून आलंय, नाही का?

आता प्रवेशाचा फॉर्म भरायला बसल्यावर विचारलं जातं, "जात वैधता प्रमाणपत्र?" तिच्याकडे जातीचा दाखला आहे. पण दाखला वेगळा आणि वैधता वेगळी! दाखला प्रांतसाहेबांकडून मिळतो. तो खरा आहे की नाही, हे पडताळणी समिती तपासते आणि मग वैधता देते. समिती वडिलांचे, आजोबांचे जुने कागद मागते. शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या महसुली नोंदी. या कामाला महिनोन् महिने लागू शकतात. कधी कधी अर्जाच्या पावतीवर थोडी मुदत मिळते, पण तिच्यावर विसंबणं म्हणजे शेवटच्या एस.टी.वर विसंबण्यासारखंच. आली तर आली!

मुदत संपली, तर राखीव जागा हातची जाते. गुण होते, जागा होती, फीचीही सोय होती. नव्हता तो एक कागद. आणि वर्ष बुडालं की अशा घरात पुढचा प्रश्न कोणता येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. "आता लग्नाचं बघू या का?"

म्हणून हा अर्ज बारावीच्या निकालानंतर करायचा नाही. तो अकरावीतच कॉलेजमार्फत करायचा. आजोबांच्या शाळेत जाऊन त्यांच्या नावाची नोंद शोधायची. हे काम दिवाळीच्या सुट्टीत होतं, जुलैच्या धावपळीत होत नाही.

आता दुसरं उदाहरण. समजा, ओतूरचा एक मुलगा आहे. घरी कांदा. भाव मिळाला तर बरं, नाहीतर चाळीत सडतो. त्याच्या वडिलांना कुणीतरी गाठतं. "प्रवेशाचं सोडा माझ्यावर, तात्या. एवढे आत्ता भरा, पावती नंतर." तात्या जमीन गहाण टाकायला निघतात.

थांबा, तात्या! दोन गोष्टी आधी ऐका. एक, प्रवेशासाठी देणगी मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरी तर त्याहून महत्त्वाची. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून मिळाला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की ही सवलत गेली! म्हणजे जास्त पैसे मोजायचे आणि वर सवलतही घालवायची. कांद्याच्या व्यवहारात तरी तात्या असं करतील का?

त्याला बहीण असेल तर तिचं गणित आणखी सोपं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. "पोरीला कशाला एवढा खर्च?" असं कुणी म्हणालं, तर हे वाक्य वाचून दाखवा.

आहुप्याच्या मुलीसाठीही वाटा आहेत. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. त्याची चौकशी घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायची. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी पोर्टलवर भरायचे आणि पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. आणि हो, अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, असं करू नका.

एवढं करूनही पैसे कमी पडले, तर? मग शैक्षणिक कर्ज. त्याला घाबरायचं नाही, पण हिशेब आधी मांडायचा. घ्या वही! समजा, चार वर्षं दरवर्षी ७५,००० रुपये उचलले. व्याज सरळ, १० टक्के. फेड सुरू होणार शिक्षण संपल्यावर एका वर्षाने. पहिल्या हप्त्याला पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन. एकूण चौदा वेळा ७,५०० रुपये, म्हणजे १,०५,०००. तीन लाख घेतले, पण फेड सुरू होताना अंगावर असतात चार लाख पाच हजार. हा आकडा आई-वडिलांनी एकट्यांनी वाहायचा नाही. तुम्हालाही तो ठाऊक हवा.

फीचा आकडा म्हणजे काही सगळा खर्च नव्हे. खोलीभाडं, खाणावळ, पुस्तकं, प्रवास यांचीही बेरीज करा. कधी कधी पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजपेक्षा घरून एस.टी.च्या पासावर जाता येईल असं कॉलेज शहाणपणाचं ठरतं. पसंतीक्रम भरताना हे ध्यानात ठेवा. अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. तेव्हा नियम असा होता, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून मित्राने भरलं तेच नाव आपण वर टाकायचं नाही.

मदत मागायला लाज वाटते? पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि शिकत. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. १९५५ पासून पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करते आहे. शिष्यवृत्ती ही भीक नाही. शिकून मोठं झाल्यावर मागून येणाऱ्याला हात द्यायचा, एवढीच तिची परतफेड.

तेव्हा येत्या रविवारी एक काम करा. एक फाइल घ्या. तिच्यावर आपलं नाव लिहा. आत या गोष्टी ठेवा: शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, अधिवास दाखला, जातीचा दाखला, वैधता किंवा निदान अर्जाची पावती, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, बँक पासबुक. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून ताजा काढायचा. त्यावरची तारीख तपासा. जे नाही, त्याच्यासमोर लाल पेनाने फुली मारा. सोमवारी तलाठी भाऊसाहेबांकडे किंवा सेतू केंद्रात जाताना बाबांबरोबर तुम्हीही जा. फाइल मात्र तुमच्याच हातात हवी. घाट तुम्हाला चढायचाय!

आणि फाइलमध्ये किती फुल्या निघाल्या, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या अंकात.