दानिश मालेवार : शाबासकी आज, निकाल नंतर

नागपूरजवळच्या जामठा मैदानावर २६ फेब्रुवारी २०२५ रोजी रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला, आणि केरळच्या गोलंदाजांनी बघता बघता विदर्भाची अवस्था ३ बाद २४ करून टाकली. तिथून दानिश मालेवार या २१ वर्षांच्या फलंदाजाने करुण नायरच्या साथीने २१५ धावांची भागी रचली आणि स्वतः १५३ धावा काढल्या. दुसऱ्या डावातही विदर्भाचे पहिले दोन गडी अवघ्या ७ धावांत परतले. तेव्हाही हीच जोडी उभी राहिली, १८२ धावांची भागी झाली आणि दानिशने ७३ धावा केल्या. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला आणि सामनावीराचा मान दानिशला मिळाला. पुढे ऑगस्टमध्ये दुलीप करंडकात मध्य विभागाकडून ईशान्य विभागाविरुद्ध त्याने द्विशतक ठोकले. आता हा मुलगा भारतीय संघाचा पुढचा आधारस्तंभ होणार, अशी भाषा सुरू झाली आहे. मला त्याच्याबद्दल आशा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण आशा आणि निकाल या दोन गोष्टी आपण एकाच वाक्यात बोलतो, आणि त्यातून तरुण खेळाडूचे भले होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या बाबतीत एक शिस्त रुजली आहे. तिथे अव्वल साखळीच्या खाली मायनर लीगच्या चार-पाच पायऱ्या असतात आणि बहुतेक खेळाडूंना त्या एकेक करून चढाव्या लागतात. त्यांच्यावर नजर ठेवणारे निरीक्षक सीमेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या तरुणाला पाच बाबतींत जोखतात : चेंडूवर बॅट नेमकी येते का, फटक्यात ताकद किती, धाव किती वेगवान, झेल आणि अडवणूक कशी, फेक किती जोरकस. प्रत्येक बाबीला २० ते ८० या मोजपट्टीवर गुण मिळतात आणि ५० म्हणजे अव्वल साखळीतला सर्वसाधारण खेळाडू. यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी की गुण दोनदा लिहिले जातात. एक आकडा आज तो काय आहे याचा, दुसरा उद्या तो काय होऊ शकेल याचा. हे दोन आकडे वेगळे ठेवूनही चुका होतातच. बिली बीन या तरुणाला न्यूयॉर्क मेट्स संघाने १९८० मध्ये पहिल्याच फेरीत निवडले, कारण अंगभूत गुणांत त्याच्यात कसली उणीव दिसत नव्हती. प्रत्यक्षात अव्वल साखळीत तो १४८ सामने खेळला आणि त्याची फलंदाजीची सरासरी .२१९ एवढीच राहिली. तोच माणूस पुढे ओकलंड संघाचा महाव्यवस्थापक झाला आणि डोळ्यांत भरणाऱ्या गुणांपेक्षा दीर्घकाळच्या कामगिरीच्या नोंदींवर विश्वास ठेवून संघ बांधू लागला. ज्यांनी ही मोजपट्टी बनवली त्यांचाही अंदाज असा चुकतो, मग आपण तर दोन्ही आकडे एकत्र कालवून मथळे लिहितो.

दानिशचा आजचा आकडा आधी पाहू. २०२४-२५ च्या रणजी हंगामात त्याने ५२.२० च्या सरासरीने ७८३ धावा केल्या. पहिल्याच पूर्ण हंगामात ही कामगिरी उत्तम आहे यात वाद नाही. मात्र ही सरासरी १५ वेळा बाद होण्यावर उभी आहे. त्यातून अंतिम सामन्यातला १५३ धावांचा एक डाव बाजूला काढला, तर सरासरी ४५ वर येते. त्या सामन्याचे दोन्ही डाव वगळले, तर ती ४३ च्याही किंचित खाली जाते. एका सामन्याने सरासरी नऊ-दहा धावांनी हलत असेल, तर ती अजून स्थिरावलेली नाही एवढाच तिचा अर्थ. दुलीप करंडकातल्या द्विशतकाचेही तसेच. मोठा डाव खेळायला एकाग्रता लागते आणि ती त्याने दाखवली. पण ईशान्य विभागाची गोलंदाजी देशातल्या सर्वांत कसदार माऱ्यांत मोडत नाही. त्या २०३ धावांपेक्षा मला जामठ्याच्या दुसऱ्या डावातल्या ७३ अधिक मोलाच्या वाटतात. संघ २ बाद ७, समोर उत्साहाने पेटलेला प्रतिस्पर्धी, पहिली आघाडी जेमतेम ३७ धावांची आणि करंडक पणाला लागलेला. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूविरुद्ध ७५, उपांत्य फेरीत मुंबईविरुद्ध ७९ आणि मग अंतिम सामन्यात १५३ व ७३ असा हा क्रम आहे. हंगाम जसा चढत गेला तसा हा फलंदाज चढत गेला, हे सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे आणि तो मी खुल्या मनाने मान्य करतो.

तरीही हा पुरावा देशांतर्गत क्रिकेटच्या एका हंगामाचा आहे, आणि विदर्भाच्याच इतिहासात याचा धडा लिहिलेला आहे. २०१७-१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तो रजनीश गुरबानीच्या गोलंदाजीच्या जोरावर. उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे १२ बळी, इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक आणि हंगामात ३९ बळी. त्या आठवड्यांत गुरबानी भारतीय संघाच्या दारात उभा आहे असे सर्वांना वाटत होते. भारताची कॅप त्याला मिळाली नाही. यात गुरबानीचा दोष शोधण्याची गरज नाही. वेगवान गोलंदाजाचे शरीर, संघातली स्पर्धा आणि पुढच्या हंगामांतली लय या सगळ्यांवर वाट अवलंबून असते. आपण मात्र एका झळाळत्या महिन्यावरून सरळ रेषा ओढतो आणि ती रेषा वळली की त्या खेळाडूला विसरतो. दानिशसोबत खेळपट्टीवर उभ्या असलेल्या करुण नायरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद ३०३ धावा केल्या, आणि काही महिन्यांतच तो संघाबाहेर गेला. आठ वर्षांनी, दानिशच्याच त्या २०२४-२५ च्या रणजी हंगामात ८६३ धावा करून तो परत आला आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत त्याला २०५ धावाच करता आल्या. रणजी आणि कसोटी यांच्यामध्ये वेगाचा, उसळीचा आणि स्विंगचा किती मोठा डोंगर आहे, हे त्या एका वर्षाच्या दोन आकड्यांतून दिसते. तो डोंगर दानिशने अजून चढायला घेतलेला नाही.

घाई करण्याची किंमत काय असते, हे पृथ्वी शॉच्या वाटचालीत दिसते. शालेय क्रिकेटमध्ये २०१३ साली ५४६ धावांचा डाव, रणजी पदार्पणात शतक, दुलीप पदार्पणात शतक, २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार आणि त्याच वर्षी राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पणात १३४. एवढ्या पायऱ्या इतक्या वेगाने क्वचितच कोणी चढला असेल, आणि पदार्पणाच्या त्या एका डावानंतर थोरामोठ्यांशी त्याच्या तुलना झाल्या. मग डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला तो ० आणि ४ वर त्रिफळाचीत झाला, आणि जे लोक तुलना करत होते तेच त्याचे तंत्र सदोष असल्याचे सांगू लागले. पाच कसोटींत ४२ च्या वर सरासरी असलेला हा फलंदाज पुन्हा कसोटी खेळला नाही. पुढे त्याच्या खेळात आणि तयारीत काय उणे राहिले, याची चर्चा खूप झाली आणि त्यातली काही रास्तही होती. मुद्दा एवढाच की त्याला डोक्यावर घेण्याचा निर्णय आणि खाली उतरवण्याचा निर्णय, दोन्ही मूठभर डावांवर झाले. अवास्तव कौतुक आणि अकाली तिरस्कार एकाच उतावळेपणातून येतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : खरी प्रतिभा लगेच ओळखू येते, सचिन तेंडुलकरला कोणी थांबवले? वस्तुस्थिती पाहू. सचिनने डिसेंबर १९८८ मध्ये रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद १०० धावा केल्या, तो हंगाम पूर्ण खेळून मुंबईसाठी सर्वाधिक धावा जमवल्या आणि मग नोव्हेंबर १९८९ मध्ये तो कराचीत कसोटी खेळला. म्हणजे सोळाव्या वर्षीदेखील त्याच्यामागे एका हंगामाचा पुरावा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निवड झाल्यावर त्याला वेळ दिला गेला. पहिल्या आठ कसोटींत त्याचे शतक नव्हते, ते नवव्या कसोटीत, ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला झाले. एकदिवसीय सामन्यांतल्या पहिल्या शतकासाठी तर १९९४ पर्यंत, ७९ व्या सामन्यापर्यंत थांबावे लागले. सचिनचे उदाहरण देणारे त्याची निवड लक्षात ठेवतात आणि त्याला मिळालेला संयम विसरतात. शिवाय जे यशस्वी झाले त्यांचीच नावे आपल्या तोंडी राहतात. त्याच वयात तितकेच आश्वासक वाटलेले आणि मागे पडलेले किती, याची नोंद कोणी ठेवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थांबा, पाहू, सिद्ध होऊ द्या, असे म्हणत आपण कितीतरी गुणी खेळाडूंचे आयुष्य वाया घालवले. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. रणजी करंडकातला तो आजही सर्वोच्च डाव आहे, आणि निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, पण भारताची कॅप त्याच्या वाट्याला आली नाही. ही खंत रास्त आहे. पण ही दोन्ही नावे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत. मुझुमदारने वर्षानुवर्षे स्वतःला सिद्ध केले होते आणि तरीही बोलावणे आले नाही. तो सिद्ध खेळाडूवरचा अन्याय होता. असिद्ध खेळाडूबद्दल धीर धरणे ही वेगळी गोष्ट आहे. धीराची मुदत ठरलेली हवी. दोन-तीन हंगाम त्याच दर्जाचा खेळ झाला तर दार उघडलेच पाहिजे, आणि ते उघडले नाही तर निवड समितीला जाब विचारायला हवा. मुदत न सांगता ‘थांब’ म्हणणे हा संयम नव्हे, ती टाळाटाळ आहे.

मग संधीच दिली नाही तर मुलगा सिद्ध कसा होणार, असेही विचारले जाते. संधी दिलीच पाहिजे, फक्त ती पायरीपायरीने आणि सलग दिली पाहिजे. दानिशला भारत अ संघातून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेत खेळवावे, तेही एखाद्या सामन्यापुरते न्यायचे आणि मग दौराभर पाणी वाहायला लावायचे असे नको. पूर्ण मालिका त्याची आहे हे आधीच सांगावे. रणजीत पुढचे दोन हंगाम त्याच्याकडे बारकाईने पाहावे, कारण आता प्रत्येक संघाने त्याच्या चित्रफिती पाहिलेल्या असतील. तो कुठे फसतो हे गोलंदाजांना कळलेले असताना तो काय करतो, नागपूरच्या ओळखीच्या खेळपट्टीबाहेर काय करतो, आणि पलीकडच्या टोकाला नायरसारखा अनुभवी साथीदार नसताना डाव कसा बांधतो, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिल्या हंगामात मिळू शकत नाहीत.

हा प्रश्न फक्त एका खेळाडूचा किंवा फक्त नागपूरचा नाही. पैनगंगेच्या दक्षिणेला आदिलाबाद जिल्ह्यात तामसी, भीमपूर, जैनद, बेला या भागांत मराठी घरे पिढ्यानपिढ्या आहेत. इथल्या पोरांना नागपूर जवळचे, विदर्भाचा संघ आपला वाटतो. पण राज्य तेलंगण, आणि निवडीची वाट तीनशेएक किलोमीटरवरच्या हैदराबादेतून जाते. अशा गावातल्या मुलाच्या गुणांचे मोजमाप बहुतेकदा एखाद्या निवड चाचणीतल्या मोजक्या चेंडूंवर होते. दानिशचा निकाल एका मोठ्या डावावरून लावणे जितके चूक, तितकेच त्या मुलाचा निकाल एका वाईट सकाळवरून लावणेही चूक. दानिशला पुढचा सामना तरी मिळतो, त्या मुलाला पुढची चाचणी मिळेलच याची खात्री नाही. म्हणून मोजमापाची शिस्त सर्वांत जास्त त्याच्याच हिताची आहे. जिल्हा पातळीवर हंगामभराचे सामने व्हावेत, प्रत्येक सामन्याची धावनोंद नीट ठेवली जावी आणि निवड त्या नोंदींवर व्हावी, ही मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या क्रीडाप्रेमींनी एकमुखाने केली पाहिजे.

दानिश मालेवारबद्दल माझे मत सरळ आहे. आज तो रणजीतला भरवशाचा, दडपणाखाली खुलणारा फलंदाज आहे, आणि हे गुण त्याने कमावलेले आहेत. उद्या तो कसोटीत मधल्या फळीत उभा राहू शकेल, याची शक्यता खरी आहे. ती अजून शक्यताच आहे. निवड समितीने त्याला भारत अ संघाची एक पूर्ण मालिका द्यावी, विदर्भाने दोन अपयशी सामन्यांत त्याची जागा हलवू नये, आणि आपण प्रेक्षकांनी व पत्रकारांनी दोन हंगाम त्याची कोणाशीही तुलना करू नये. त्यानंतर निकाल द्यावा, आणि तो त्याच्या बाजूने लागला तर त्याला एक दिवसही ताटकळत ठेवू नये.